अझीम प्रेमजी विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश : माहिती व मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

माझी भाची तासगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला असून तिला बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात अर्थशास्त्र घेऊन पदवी करायची आहे. 2010 साली कर्नाटकाच्या कायद्याने स्थापन झालेले हे विद्यापीठ खासगी असले, तरी कौटुंबिक उत्पन्न पाहून शुल्कात आणि राहण्याजेवण्याच्या खर्चात सवलत देते, आणि आमच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची बाब आहे.

खरी अडचणही तिथेच आहे. मेहुण्यांचे घर द्राक्षबागेवर चालते. एखाद्या वर्षी माल चांगल्या दराने जातो, तर पुढच्या वर्षी ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस येऊन फवारणीचा खर्चसुद्धा निघत नाही. मग सवलतीच्या अर्जात उत्पन्न कोणत्या वर्षाचे दाखवायचे, आणि तहसीलदारांचा दाखला व सातबारा पुरतो की सोसायटीच्या कर्जाचा उताराही जोडावा लागतो, हे शेतकरी कुटुंबातून तिथे गेलेल्या कोणी सांगितले तर फार उपकार होतील. राज्याबाहेर शिकताना महाडीबीटीवरील एखादी शिष्यवृत्ती मिळते का?

दुसरी काळजी भाषेची. तिचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे. ती हुशार आहे, पण इंग्रजीतून चर्चा करायची म्हटली की गप्प बसते. पहिल्या वर्षी अशा मुलांना वर्गात आणि वसतिगृहात कितपत सांभाळून घेतात, हे तिथे शिकलेल्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.