पावसाळ्यात गांडुळे टाकी सोडून बाहेर पडत आहेत. आतले खत वापरावे का?

प्रश्न : मागील_दार, गुहागर तालुका

नमस्कार. आमच्या मागील दारी चार माड, एक बरका फणस आणि थोडी परसबाग आहे. फेब्रुवारीत फणसाच्या सावलीत चिऱ्याची चार फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट खोल टाकी बांधून घेतली, तीत अर्धवट कुजलेले शेण व आंब्याचा पाला भरला आणि रोपवाटिकेतून आणलेली एक किलो गांडुळे सोडली. जात आयसेनिया फेटिडा असल्याचे सांगण्यात आले होते. वर माडाच्या झापांचे छप्पर केले. उन्हाळाभर दोन वेळा झारीने पाणी शिंपडत होते आणि एप्रिलअखेर वरच्या थरात चहाच्या भुकटीसारखे काळे, सुटे खत दिसू लागले होते.

मे महिन्यात घर पाहुण्यांनी भरलेले असल्यामुळे फणसाची चारखंडे (गरे काढून उरलेला भाग), आंब्याच्या साली आणि आगळ काढून उरलेला कोकमाचा चोथा असे सर्व काही टाकीतच गेले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. चार दिवस सलग पडल्यानंतर पाचव्या दिवशी पहाटे पडवीतला दिवा लावला, तर भिंतीवर, पायरीवर आणि पागोळ्यांच्या चरात गांडुळे पसरलेली होती. वेचून परत टाकली, पण दुसऱ्या रात्री ती पुन्हा बाहेर आली आणि चरातली पुष्कळशी मेली. टाकीत हात घातला असता खाली चिकट चिखल लागतो आणि त्याला आंबूस, कुबट वास येतो.

उरलेली गांडुळे कशी वाचवावीत आणि टाकीतले खत मिरचीच्या रोपांना व पडवळाच्या वेलांना आता घालावे की नाही, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : जुनी_वाडी, दापोली

ताई, गांडुळांना फुप्फुसे नसतात. ती ओल्या त्वचेतून श्वास घेतात. म्हणून कातडी कोरडी पडली तरी ती मरतात आणि भोवतालच्या पाण्यातली हवा संपली तरी गुदमरतात. आपल्या टाकीत दोन गोष्टी एकदम घडल्या आहेत. झापांतून गळलेले पाणी तळाशी साचले, आणि त्याच वेळी फणस व कोकमाचा गोड-आंबट ओला ऐवज हवा नसताना आंबू लागला. माझ्या पहिल्या पावसाळ्यात तळाला भोक नसलेल्या पिंपात मी सगळीच गांडुळे गमावली होती, त्यामुळे आपली ती पहाट मला डोळ्यांसमोर दिसते.

आज प्रथम वरचा न कुजलेला फणस आणि कोकमाचा चोथा उचलून काढावा आणि माडाच्या आळ्यात पुरावा. त्यानंतर टाकीच्या एका बाजूचा चिखल दुसरीकडे ओढून रिकाम्या जागेत नवे अंथरूण करावे : पडवीत वाळवलेला पाला, फाडलेले पुठ्ठे, भाताचा पेंढा आणि पंधरा-वीस दिवसांचे जुने शेण. ताजे शेण मुळीच घालू नये, कारण ते तापते. नारळाच्या काथ्याचा भुसा उत्तम, मात्र सोडणे (नारळाची वरची सालटे) खाऱ्या पाण्यात कुजवून काढलेला असेल तर त्यात मीठ असते. तो दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावा. आठ दिवस काहीही खाऊ घालू नये. जिवंत असलेली गांडुळे आपण होऊन नव्या अंथरुणात सरकतील, त्यांना वेचण्याची गरज नाही. रात्री टाकीवर मंद दिवा लावून ठेवला तर उजेड टाळण्यासाठी ती आत राहतात. हा उपाय तात्पुरता असला तरी पहिल्या तीन-चार रात्री फार कामी येतो.

पाणी निघून जाण्याची सोय मात्र कायमची करावी लागेल. तळाला उताराच्या बाजूस भोक पाडून बारीक जाळी बसवावी, त्यावर चिऱ्याच्या कपच्यांचा चार बोटे थर द्यावा आणि त्यावर सोडणे पालथी मांडावीत. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. गांडूळखताची पुष्कळशी माहिती घाटावरच्या कोरड्या हवेसाठी लिहिलेली असते आणि तीत ‘रोज पाणी शिंपडा’ हे वाक्य हमखास सापडते. जून ते सप्टेंबर आपण ते विसरावे. मूठभर ऐवज घट्ट दाबला असता बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब आले तर ओल पुरेशी आहे; धार लागली तर कोरडा पाला मिसळावा.

उत्तर : माडबन, वेंगुर्ले

जुनी_वाडी यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. छपराबाबत इतकीच भर घालतो की, झाप काढून नुसता पत्रा घातला तर पावसात निभावेल, पण ऑक्टोबरच्या उन्हात टाकी भट्टीसारखी तापेल. आयसेनियाला साधारण ३० अंशांपर्यंतची उष्णता मानवते, त्यापुढे ती खाणे कमी करते. पत्रा टाकीच्या बाहेर दीड-दोन हात पुढे काढावा आणि वर झाप तसेच राहू द्यावेत.

आता खताविषयी. आंबूस वासाचा चिखल हे तयार खत नव्हे. तो मिरचीच्या कोवळ्या रोपांना घातला तर मुळे कुजण्याची भीती आहे. पडवीत गोणपाटावर पातळ पसरून दहा-पंधरा दिवस हवेवर ठेवावा, रोज हाताने उलटावा आणि वास मातीसारखा झाल्यावर माडाला द्यावा. माडाची अन्न घेणारी मुळे बुंध्यापासून पाच-सहा फुटांच्या आत असतात, त्यामुळे बुंध्याला चिकटवून न घालता थोडे दूर, गोल चरात घालून मातीने झाकावे.

वरच्या थरातले एप्रिलचे चांगले खत मात्र या दिवसांत वाफ्यावर उधळू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, पाणी धरत नाही, आणि धो-धो पावसात विरघळलेले अन्न मुळांच्या खाली निघून जाते. पडवळाच्या बुंध्याशी दोन मुठी खत मातीत मिसळून वर पाल्याचे आच्छादन केले तर पुरे. मिरचीची रोपे छपराखाली असतील तर तीन भाग मातीत एक भाग चाळलेले खत मिसळावे. बाकीचे सावलीत, गोणपाटाच्या पोत्यात, किंचित ओलसर ठेवावे; उन्हात वाळवू नये आणि प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून कोंडू नये, कारण त्यातले उपयोगी जीवाणू जिवंत राहिले पाहिजेत. पाऊस ओसरल्यावर मुळा, माठ आणि वाल यांच्या वाफ्यांना तेच खत खऱ्या अर्थाने लागू पडेल.

उत्तर : खाडीकाठ, राजापूर

एक सूचना आणि एक सावधगिरी. फणसाच्या गोडीने मुंग्या आणि घुशी येतात, म्हणून टाकीभोवती चर काढून त्यात पाणी ठेवावे आणि वर जाळी घालावी. कोकमाने आलेला आंबटपणा कमी करण्यासाठी अंड्यांची टरफले किंवा तिसऱ्यांचे शिंपले स्वच्छ धुऊन, कुटून, बारीक भुकटी करून मूठभर टाकावी. कळीचा चुना टाकू नये, तो गांडुळांच्या कातडीला भाजतो. माशांचे काटे, डोकी आणि सुक्या मासळीचे पाणीही टाकीत नको; वास आणि अळ्या होतात, शिवाय मिठाने गांडुळे तडफडून मरतात.

सावधगिरी अशी की, पावसात फणसाखाली सापडणारी काडू (जमिनीतली गांडुळे) गोळा करून टाकीतली संख्या भरून काढण्याचा मोह होतो. आमच्या घरी तो प्रयत्न झाला आणि ती सगळी निघून गेली. जमिनीत खोल बिळे करून राहणारी गांडुळे वेगळी आणि पाल्याशेणाच्या वरच्या थरात राहणारी आयसेनिया वेगळी. ज्याचे घर जिथे आहे तिथेच त्याला राहू द्यावे.

मागील_दार, गुहागर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. आज तीन आठवडे झाले. भोक पाडले त्या दिवशी दीड बादली काळे पाणी निघाले. ते उग्र वासाचे असल्यामुळे झाडांना न घालता दूर ओतले. चौथ्या रात्रीनंतर भिंतीवर एकही गांडूळ आले नाही. गांडुळे निम्म्याहून कमी उरली असावीत, याचे वाईट वाटते.

काल नव्या अंथरुणातला पेंढा उचलला, तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला मोहरीपेक्षा थोडे मोठे, लिंबाच्या आकाराचे पिवळट-तपकिरी कोष चिकटलेले दिसले. एका मुठीत अकरा मोजले. त्यांतला एक जरा लालसर झाला होता आणि उजेडाकडे धरल्यावर आत दोरा हलल्यासारखे दिसले. हे कोष असेच राहू द्यावेत, की वेगळ्या खोक्यात ठेवावेत?

जुनी_वाडी, दापोली

राहू द्यावेत, ताई. लालसर कोष फुटायला आलेला असतो. एकेका कोषातून बहुधा दोन-तीन पिले निघतात आणि दीड-दोन महिन्यांत ती स्वतः कोष घालू लागतात. तोवर खाणे मात्र बेताचे द्यावे, आणि आधीचे संपल्याखेरीज पुढचे घालू नये.