अमीन सयानी : सोलापूरकरांच्या आठवणी

प्रश्न : २० फेब्रुवारी २०२४ रोजी रेडिओ निवेदक अमीन सयानी गेले. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेली त्यांची ‘बिनाका गीतमाला’ (हिंदी चित्रपटगीते लोकप्रियतेच्या क्रमाने ऐकवणारा कार्यक्रम) सोलापुरात कशी ऐकली जाई, हे जाणत्यांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : आमच्या गिरणी कामगारांच्या चाळीत एकाच घरी रेडिओ होता, आणि मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे शेजारी बुधवारी रात्री आठला दाटीने बसून सयानींचे सोपे, आर्जवी हिंदुस्तानी ऐकत. आकाशवाणीने चित्रपटगीते दूर ठेवली होती, त्या काळात हा मोठाच आधार होता.

उत्तर २ : आदर पूर्ण आहे, तरी खंतही आहे. गाण्यांचा क्रम ठरवताना तबकड्यांच्या विक्रीला वजन असल्यामुळे संथ, रागदारीची गाणी मागे पडत. वडील त्यावर चिडत; निवेदन मात्र शेवटपर्यंत ऐकत.

उत्तर ३ : माझ्या आईचे हिंदी त्याच निवेदनाने घडले.