बेटावर, परक्या घरात: काम करून राहिल्याचे अनुभव लिहा

भटकभवानी

रोज चार-पाच तास काम करायचं, बदल्यात त्या घरचं जेवण आणि झोपायला खोली. पैशांचा व्यवहार नाही. अशा राहण्याबद्दल मला सारखी विचारणा होते, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा नारळाची झाडं आणि झोपाळा असतो. म्हणून हा धागा. इंग्लंडमध्ये 1971 साली वूफ (सेंद्रिय शेतांवर राहून काम करू इच्छिणाऱ्यांचं जाळं) सुरू झालं, तिथून ही पद्धत रुळली, पुढे वर्कअवेसारख्या साइट आल्या. पण ती माहिती कुठेही मिळते. तुम्ही घरातलं लिहा. शक्यतो छोट्या बेटांवरचं लिहा, कारण मुख्य भूमीवर यजमानांशी पटलं नाही तर सॅक पाठीला लावून निघता येतं. बेटावर पुढची बोट येईपर्यंत त्याच टेबलावर त्यांच्यासमोर बसून सूप प्यावं लागतं.

सुरुवात मीच करते. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं एग. वस्ती शंभराच्या आसपास. 1997 मध्ये इथल्या रहिवाशांनी वर्गणी गोळा करून, ट्रस्ट काढून, अख्खं बेट जमीनमालकाकडून विकत घेतलं. आजही त्या दिवसाचा वाढदिवस जूनमध्ये नाचगाण्यानिशी होतो. मुख्य भूमीवरून वीज येत नाही. 2008 पासून पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारी बेटाची स्वतःची वीज आहे, आणि प्रत्येक घराला एका वेळी 5 किलोवॅटची मर्यादा.

ही मर्यादा कागदावर काहीच वाटत नाही. माझ्या यजमानीणबाईंच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक छोटं मीटर होतं. किटली लावली की आकडा टुणकन तीनच्या घरात. त्यात वॉशिंग मशीन पाणी तापवत असेल आणि कुणी ओव्हन लावला, तर घर अंधारात. मग देखभाल करणाऱ्या माणसाला बोलवायचं आणि त्याचे पैसे वेगळे. त्यामुळे त्या घरात "मी चहा टाकतेय" हे मोठ्याने ओरडून सांगायची रीत होती, आणि वरच्या मजल्यावरून "थांब!" असं उत्तर यायचं. पाहुण्याला हे कुणी समोर बसवून शिकवत नाही. मीटरकडे बघता बघता आपणच शिकतो.

कामाचं म्हणाल तर कोंबड्या, पॉलिहाउस आणि समुद्रशेवाळ. वादळ होऊन गेलं की किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग लागतात. ते काट्याने ढकलगाडीत भरायचं, चढावरून ओढत आणायचं आणि बटाट्याच्या वाफ्यांवर पसरायचं. खत म्हणून उत्तम. वास मात्र आंघोळीला दाद देत नाही.

किराणा मुख्य भूमीवरच्या मॅलेग बंदरातून बोटीने येतो. हिवाळ्यात वारा सुटला की बोट रद्द. मला पहिल्यांदा वाटलं, आता घरात चिंता पसरेल. बाईंनी शांतपणे फ्रीझर उघडला आणि म्हणाल्या, आज मटण आहे.

उंडगा

वा, सुरुवात झकास. आपला अनुभव देशी आहे. आसामातलं माजुली, ब्रह्मपुत्रेच्या पात्रातलं बेट. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून बोटीने ब्रह्मपुत्रा ओलांडायची. बोटीत माणसं, मोटारसायकली, भाजीच्या पाट्या, एखादी बकरी. 2016 मध्ये माजुलीचा जिल्हा झाला, पण मी राहिलो ते मिसिंग जमातीचं कुटुंब जिल्ह्याबिल्ह्याच्या भानगडीपासून लांब होतं.

घर बांबूच्या खांबांवर उभं, चांग घर म्हणतात. जमीन म्हणजे चिरलेल्या बांबूची. चालताना लवते, आणि फटींतून खाली डुकरं दिसतात. खरकटं फटीतून टाकलं की खाली लगेच त्याचा निकाल लागतो. घराच्या मधोमध चूल, तिच्यावर टांगलेल्या फळ्यांवर मासे धुरात वाळतायत. हातमाग खाली सावलीत. घरातल्या बाइदेउ (थोरल्या बहिणीला तिथे असंच म्हणतात आणि मीही तेच म्हणायचो) स्वयंपाक, डुकरं, शेत सगळं उरकून मागावर बसत. मी भात कापणीला हात लावला. आम्ही नाशिकवाले द्राक्षांतले, विळा धरायची सवय नाही, त्यामुळे बाइदेउंची शाळकरी पोरगी माझ्या दुप्पट कापून पुढे जायची आणि मागे वळून हसायची.

मला खरं सांगायचंय ते वेगळंच. त्या घराने आपली जागा बदललेली होती, एकदा नव्हे. ब्रह्मपुत्रा काठ खात येते, मग बांबूचं घर सोडवायचं, मागे न्यायचं, परत बांधायचं. खांबावरचं घर पुरासाठी, हे आपल्याला दिसतं. ते हलवता यावं हाही हिशोब त्यात असतो, ते तिथे राहिल्यावर कळतं. माझ्या मुक्कामात शेजारच्या घराचा ओटा नव्याने घालायचा होता. सगळं गाव आलं. बांबू चिरायचा, ठोकून सपाट करायचा, वेताने बांधायचा. संध्याकाळी आपोंग, म्हणजे तांदळाची घरची बियर. मला बांबू उचलून द्यायचं काम मिळालं आणि मी त्यावर बेहद्द खूष होतो.

आता मुद्दा. काम केलं म्हणून जेवण फुकट, हे गणित युरोपात ठीक असेल. माजुलीत ते करू नका. माझ्या कामाची किंमत त्यांच्या एका वेळच्या भाताएवढीही नव्हती. मी होमस्टेच्या दराने पैसे दिले आणि काम हौस म्हणून केलं. ज्या घरात पुराने दर वर्षी काही ना काही जातं, तिथे "एक्स्चेंज" वगैरे बोलायला जीभ रेटत नाही.

चौकस

उंडगा यांनी शेवटी लिहिलं तेच मी विचारणार होतो, फक्त युरोपालाही लावून. रोज पाच तास म्हणजे आठवड्याला पंचवीस-तीस तास. एवढ्या कामाची तिथली मजुरी काढली तर खोली-जेवणाच्या कितीतरी वर जाते. मग हा स्वयंसेवक की बिनपगारी गडी? आणि बेटावरच्या एखाद्या तरुणाला मिळू शकणारं काम आपण हौसेने करून येतो, त्याचं काय? विषय छान आहे, पण सगळ्यांचे डोळे पाणावण्याआधी हेही कुणीतरी बोला.

भटकभवानी

चौकस, प्रश्न रास्त आहे. एगला तरी माझ्या कामासाठी पगारी माणूस ठेवायची ऐपत त्या बाईंची नव्हती, शेवाळ तसंच पडलं असतं. पण जिथे पर्यटकांकडून पैसे घेणारा धंदा चालतो, तिथे फुकटचे हात वापरणं मलाही पटत नाही. माझी साधी कसोटी: यजमान स्वतः शेजारी उभे राहून तेच काम करतात का? करत असतील तर ते घर. नाहीतर दुकान.

मिठागर

या कसोटीवर माझा अनुभव सपशेल नापास. दक्षिण थायलंडमधलं एक छोटं बेट. जाहिरातीत "आमच्या कुटुंबासोबत राहा, बागकामात मदत करा". प्रत्यक्षात दहा-बारा खोल्यांचं गेस्टहाउस, मालक दुसऱ्या शहरात, कुटुंब म्हणजे रिसेप्शनवरचा एक वैतागलेला मुलगा. बाग म्हणजे दोन कुंड्या. सकाळी सातपासून चादरी बदला, संडास धुवा, दुपारी पाहुण्यांना धक्क्यावरून आणा. जेवण म्हणजे भात आणि पाहुण्यांच्या टेबलावर उरलेलं. विचारलं तर उत्तर एकच, मॅनेजरशी बोला. मॅनेजर फोनवर. फोन बंद.

पावसाळी हवेत बोटी कमी झाल्या होत्या. मी निघायचं ठरवलं तेव्हा कळलं की धक्क्यापर्यंत नेणारी एकमेव गाडीही त्याच गेस्टहाउसची. शेवटी बाजारात फळं विकणाऱ्या एका मावशींनी त्यांच्या भाच्याच्या मोटारसायकलवर सोडायची सोय केली. पैसे घ्यायला तयार नाहीत, उलट हातात रामबुतानची पिशवी. मी ज्या कुटुंबासाठी गेले होते ते त्या बेटावर होतं, फक्त वेगळ्या पत्त्यावर.

जाण्याआधी हे विचारा: घरात कोण कोण राहतं, नावं सांगा. जेवायला कोण कुणाबरोबर बसतं. सुट्टीचा वार कोणता. आणि आधी राहून गेलेल्या एकाशी तरी थेट बोला, लिहिलेल्या कौतुकावर जाऊ नका. परतीच्या बोटीचे आणि दोन रात्रींच्या खोलीचे पैसे वेगळे ठेवा, त्यांना हात लावू नका. शिवाय थायलंडमध्ये परदेशी माणसाला बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागतं, हे त्या जाहिरातीत कुठेही नव्हतं.

किवीकर

व्हिसाचं निघालंच आहे तर. न्यूझीलंडचं सरकार राहण्या-जेवणाच्या बदल्यातलं काम नोकरीतच धरतं. व्हिजिटर व्हिसावर ते चालत नाही. ब्रिटनमध्ये टूरिस्ट म्हणून गेलात तर फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी आणि तेही 30 दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते. कुणाच्या शेतावर नाही. ब्रिटनचा भारतीयांसाठीचा यंग प्रोफेशनल्सवाला व्हिसा 18 ते 30 वयाच्या पदवीधरांसाठी, दोन वर्षांचा, सोडतीने मिळतो. ऑस्ट्रेलियानेही भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडेच्या वर्षाला 1000 जागा 2024 पासून सोडतीने सुरू केल्या. "मदत करायला जातोय, काम नाही" हे वाक्य विमानतळावरच्या अधिकाऱ्याने हजारदा ऐकलेलं असतं.

मी इथला रहिवासी असल्याने माझं सोपं होतं. दक्षिण टोकाच्या ब्लफहून तासाभराची बोट, फोवो सामुद्रधुनी, पोटातलं सगळं बाहेर. पलीकडे स्टुअर्ट आयलंड, ओबान नावाचं एकच गाव. यजमानांच्या आवारातलं रान काढणं आणि उंदरांचे सापळे तपासणं हे काम. पक्षी वाचवायचे तर उंदीर मारावेच लागतात, कारण तिथले कितीतरी पक्षी जमिनीवर घरटी करतात. कोकणातल्या आजीने मला सापळे तपासताना पाहिलं असतं तर म्हणाली असती, एवढा खर्च करून हे करायला गेलास?

मारी_मराठे

नमस्कार. मी मॉरिशसची. आमचे पूर्वज कोकणातून आले, घरी क्रिओल बोलतो, मराठी शाळेत शिकले. चुका झाल्यास सांभाळून घ्या.

मॉरिशसच्या पूर्वेला आमचंच रॉड्रिग्ज बेट आहे, सुमारे 108 चौरस किलोमीटर. आम्हा मॉरिशसवाल्यांना वाटतं की रॉड्रिग्ज म्हणजे जुना मॉरिशस. मी डोंगरावरच्या एका कुटुंबाकडे राहिले. व्हिसाचा प्रश्न नाही, भाषाही जवळजवळ तीच, तरी मी त्यांच्यासाठी "मोठ्या बेटावरची" होते आणि सुरुवातीचे दिवस मला कामच देत नव्हते. पाहुणी आहे, बसू द्या. मी मग सकाळी उठून मक्याची कणसं सोलायला बसले, तेव्हा आजीने एक शब्दही न बोलता दुसरी टोपली माझ्यापुढे सरकवली.

घरातली सून आणि तिची आई ओहोटीला लगूनमध्ये (किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात) ऑक्टोपस पकडायला जात. पायात बूट, डोक्यावर गवती टोपी, हातात टोकदार सळई. पाण्यात गुडघाभर उभं राहून त्या खडकाचं एक भोक दाखवत आणि म्हणत, इथे आहे. मला फक्त खडक दिसे. त्यांना भोकाच्या तोंडाशी नीट रचलेले शिंपले दिसत. ऑक्टोपस खाऊन झाल्यावर कवच दाराबाहेर टाकतो. आणलेला ऑक्टोपस दगडावर आपटायचा, धुवायचा आणि काठीवर पसरून उन्हात लटकवायचा. हे पसरवणं माझ्याकडे होतं. आठ पाय वेगळे राहिले पाहिजेत, एकमेकांना चिकटले तर तिथे सडतं.

2012 पासून वर्षातले काही आठवडे ऑक्टोपस पकडायला बंदी असते, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. त्या काळात कुणी जाणार असेल तर लगूनचं काम मिळणार नाही. मग लिंबू-मिरचीचं लोणचं बाटल्यांत भरणं आणि शनिवारी पहाटे पोर्ट मॅथ्युरिनच्या बाजारात नेणं. ते लोणचं खाऊन माझ्या सासऱ्यांनी विचारलं, हे मालवणहून आलं का?

पोर्तुगीझ_मीडियम

मारीताई, मराठी एकदम फर्स्टक्लास.

मी पोर्तुगालमध्ये शिकत होतो तेव्हा अझोर्स या अटलांटिकमधल्या द्वीपसमूहातल्या पिको बेटावर द्राक्षतोडणीला गेलो होतो. उंडगा, तुमच्यासाठी खास. इथे मांडव नाही, तार नाही. काळ्या ज्वालामुखी दगडांच्या छातीएवढ्या भिंती, त्यांचे खोलीएवढे चौकोन, आणि चौकोनात वेल सरळ खडकावर पसरलेले. माती अशी दिसतच नाही. भिंती समुद्राचा खारा वारा अडवतात आणि दिवसभराची ऊब धरून ठेवतात. 2004 पासून युनेस्कोच्या यादीत आहे सगळं. ट्रॅक्टर जाणं शक्य नाही, म्हणून तोडणी गुडघ्यांवर बसून, पाटी हातात. दुपारपर्यंत दगड असा तापतो की पँटमधून चटका बसतो.

यजमान काका सत्तरीचे. वडील व्हेलच्या शिकारीला जायचे, 1980च्या दशकात ती थांबली. काका प्रत्येक चौकोनाला नावाने ओळखायचे, हा आत्याचा, हा पोस्टमास्तरचा. घड पानांखाली राहिला तर ओरडायचे नाहीत. आपण पुढे गेल्यावर मागून येऊन तो काढायचे आणि आपल्या पाटीत आणून ठेवायचे. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

उंडगा

खडकावर द्राक्ष! आमच्याकडे खरड छाटणी, गोडी छाटणी, फवारण्या, डाऊनी बुरशीचं टेन्शन, आणि ते लोक नुसत्या भिंती घालून मोकळे? फवारणी करतात का तिथे?

पोर्तुगीझ_मीडियम

करतात हो. पाठीवर पंप घेऊन, त्याच भिंतींवरून उड्या मारत. बुरशी तिथेही आहे. एकोणिसाव्या शतकात भुरी नावाच्या बुरशीनेच तिथल्या बागा उद्ध्वस्त केल्या होत्या.

केतकी_डोंबिवली

सगळे अनुभव भारी. प्रश्न दोन. मी शाकाहारी आहे, बेटावर उपाशी मरेन का? आणि माजुलीला कधी जावं?

भटकभवानी

एगला अंडी, बटाटे, ओट्स आणि बाईंची पालेभाजी मिळेल. जायच्या आधी पत्रात स्पष्ट लिहा, पोचल्यावर सांगू नका. किराणा आधीच मागवलेला असतो. फोडणीचं साहित्य सोबत न्या. ओव्हन चालू नसताना डाळ शिजवा.

उंडगा

माजुली नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नोव्हेंबरात सत्रांमध्ये, म्हणजे तिथल्या वैष्णव मठांमध्ये, कृष्णाच्या रासाचा उत्सव असतो, तेव्हा गर्दी फार, घर आधी ठरवा. फेब्रुवारीत मिसिंगांचा आली-आये-लिगांग, पेरणीचा सण. मला विचाराल तर तोच. शाकाहारी असाल तर भात, मसूर डाळ, आणि नदीकाठच्या रानभाज्या. डाळीत मासा नको हे बाइदेउंना रोज आठवण करून द्या, त्यांना ते पटत नाही. निमातीहून शेवटची बोट दुपारीच सुटते, धुकं असेल तर सकाळचीही लांबते, तेव्हा त्याच दिवसाचं परतीचं विमान घेऊ नका.