मदत हवी आहे: प्राण्यांचं शेत + संग्रहालय, आधी काय बघावं?

मनवा:
शनिवारी सहा जण एका कौटुंबिक शेतावर चाललोय. प्राण्यांना हाताने चारा घालता येतो, शिवाय जुन्या अवजारांचं संग्रहालय आहे. आधी प्राणी की आधी संग्रहालय? मागे अशाच एका ठिकाणी आधी प्राणी बघितले आणि संग्रहालयाच्या दारातच धाकटीने भोकाड पसरलं, तसंच परतलो. या वेळी ते नकोय. कृपया लवकर सांगा, आज रात्रीच सगळ्यांना वेळ कळवायची आहे.

रानवाट:
मुलं किती वर्षांची आहेत? त्यावरच सगळं ठरतं.

भास्कर_काका:
संग्रहालय आधी. सकाळी डोकं ताजं असतं, जनावरं कुठे पळून जात नाहीत. पण मुलांना नुसतं फिरवू नका, एकेका वस्तूपुढे थांबून प्रश्न विचारा. पाभर (बी पेरायचं अवजार) दिसली की विचारा, बी हाताने फेकता येत असताना ओळीत कशाला पेरायचं? उत्तर तिथेच सापडतं: ओळी असल्या की मधून कोळपं चालवून तण काढता येतं. इंग्लंडमध्ये जेथ्रो टलने १७०१च्या सुमारास पेरणीयंत्र केलं तेही ओळीतच पेरायचं. माझा नातू एका मळणीयंत्रापुढे पाऊण तास बसला होता, दाणा आणि भुसा वेगळा कसा होतो ते समजेपर्यंत हलला नाही.

ऋजुता_म:
काका, असहमत. दुपारपर्यंत शेकडो हातांनी चारलेलं असतं, शेळ्या तोंड फिरवतात. गाई तर बसून रवंथ करत असतात, त्यांचे दिवसातले सात-आठ तास त्यातच जातात. दोन वर्षांच्या पोराला मळणीयंत्राचं काय कौतुक? प्राणी सकाळीच.

मनवा:
दोघांनी अगदी उलट सांगितलंत :( धाकटी २ वर्षांची, मोठा ७ वर्षांचा. मी, नवरा, सासूबाई आणि वहिनी. एकूण किती वेळ धरू?

गोठ्यातला:
वेळेचं नंतर बघू. दोन वर्षांचं मूल सोबत आहे तर आधी हात धुण्याचं ठरवा. गाई-शेळ्यांच्या शेणात ई. कोलाय ओ१५७ हा जंतू असू शकतो, जनावर मात्र ठणठणीत दिसतं. अगदी थोडे जंतू पोटात गेले तरी पुरे, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या अशाच एका शेतावर ९३ जणांना लागण झाली होती, त्यात बहुतेक लहान मुलं. घाबरवत नाहीये, मी स्वतः नातवंडांना नेतो. पण कुंपणाला हात लावला तरी साबण आणि वाहतं पाणी, आणि खाणं त्यानंतरच. वासराला बोट चोखायला देऊ नका.

प्रसन्न८१:
एवढं कशाला? सॅनिटायझरची बाटली खिशात ठेवा, झालं. आम्ही नेहमी तेच करतो.

गोठ्यातला:
प्रसन्न, नाही हो. हाताला शेण-माती लागलेली असताना जेल नीट काम करत नाही, आणि क्रिप्टोस्पोरिडियम (जुलाब करणारा परजीवी) तर त्याने मरतच नाही. साबणाला पर्याय नाही.

प्रसन्न८१:
आमच्या मुलांना कधी काही झालं नाही, म्हणून म्हटलं. बाकी तुमची मर्जी.

इरा_:
शेळीच्या डोळ्यांकडे मुलांना नक्की बघायला सांगा! बाहुली आडवी असते, त्यामुळे चहूबाजूचं दिसतं. मान खाली घालून चरतानाही डोळा फिरतो आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. मला हे कळल्यापासून शेळी दिसली की मी वाकून बघते.

ऋजुता_म:
शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे तळहात सपाट ठेवला की भीती नाही. घोड्याला मात्र वर-खाली दोन्हीकडे असतात. त्याला ठीक नाकासमोरचं आणि पाठीमागचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने जा, आधी आवाज द्या. पाव वगैरे काही नेऊ नका, तो जास्त झाला की रवंथ करणाऱ्यांच्या पोटात आम्ल वाढतं. तिथलाच चारा घ्या.

सशांची_मावशी:
ससा पाळायचा असेल तर एकटा आणू नका, त्याला सोबत लागते. आणि उचलताना मागच्या पायांना खालून आधार द्या, तो जोरात लाथ झाडतो तेव्हा त्याचाच कणा मोडू शकतो.

मनवा:
मावशी, पाळायचा नाहीये, फक्त बघायला चाललोय. आधी काय ते सांगा ना कुणीतरी! फलकावर नवी करडं आली आहेत असं लिहिलंय, मोठा त्यावरच अडून बसलाय.

रानवाट:
तुमच्यात कुणी गरोदर आहे का?

मनवा:
हो, वहिनींना पाचवा महिना. त्याचा काय संबंध?

रानवाट:
खूप संबंध आहे. व्यालेल्या शेळ्या-मेंढ्या आणि ताजी पिल्लं यांच्यापासून गर्भाला धोका असलेले संसर्ग होऊ शकतात. त्यांनी त्या वाड्याकडे जाऊ नये, आणि तिथे जाऊन आलेल्यांचे बूट-कपडेही हाताळू नयेत. इतर प्राण्यांबद्दल त्यांनी डॉक्टरांना आधी विचारलेलं बरं.
आता तुमचा प्रश्न. दोन गट करा. सकाळी तुम्ही, नवरा आणि मुलं प्राण्यांकडे, वहिनी आणि सासूबाई संग्रहालयात. मग सगळ्यांचे हात धुऊन जेवण. धाकटी झोपली की तिला ढकलगाडीत घालून मोठ्याला संग्रहालय दाखवा. मागच्या वेळी ती झोपेला आली होती, म्हणून रडली असणार. प्राणी आणि संग्रहालय, दोन्हीला दीड-दीड तास धरा.

भास्कर_काका:
हे मान्य. फक्त मोठ्याला पाभरीचा प्रश्न विचाराच.

गोठ्यातला:
ढकलगाडी प्राण्यांच्या वाड्यात नेऊ नका, चाकांना लागलेलं घरापर्यंत येतं. आणि सासूबाई किती वेळ उभ्या राहू शकतात?

मनवा:
गुडघे दुखतात त्यांचे, हेही लिहायचं राहिलं. आत्ताच शेतावर फोन केला. संग्रहालयात बाकं आहेत, करडांचा वाडा वेगळ्या टोकाला आहे आणि हात धुवायचे नळ त्याच्या दाराशीच आहेत. रानवाट, तुम्ही सांगितलंत तसंच करतोय. वहिनींना आत्ता कळवते.