आग रामेश्वरी आणि झळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याला?

लश्करकर: किल्ल्यावर फॉरेनर दिसेनासे झाले की आपली मंडळी लगेच महापालिकेवर नाहीतर पुरातत्त्व खात्यावर खापर फोडतात. मला हे पटत नाही. किल्ल्यावरचा मानमंदिर वाडा बघायला कोण येणार, हे किल्ल्याच्या उरवाई गेटवर ठरत नाही. जगात काय चाललंय त्यावर ठरतं. भारतात २०१९ साली सुमारे १ कोटी ९ लाख विदेशी पर्यटक आले, २०२० मध्ये २७ लाख, २०२१ मध्ये १५ लाख. यात मानसिंह तोमराच्या वाड्याचा काय दोष?

जनकगंजची काकू: कोविडचा दाखला देऊच नका. तेव्हा २०२० मध्ये ताजमहालसुद्धा १७ मार्चपासून २१ सप्टेंबरपर्यंत उघडला नव्हता. बाकीच्या वर्षांचं बोला. मुंबईवर हल्ला झाला नोव्हेंबर २००८ मध्ये, ऐन सीझनला, शिवाय जगभर मंदी. तरी २००८ चे सुमारे ५२.८ लाख २००९ मध्ये ५१.७ लाख झाले, बस्स. २००२ मध्ये तर सीमेवर फौजा समोरासमोर होत्या, अमेरिका-ब्रिटन आपल्या लोकांना भारत सोडा म्हणत होते. त्या वर्षीही २३.८ लाख आले, आणि पुढच्याच वर्षी २७ लाखांवर गेले. लोक विसरतात हो.

लश्करकर: काकू, हा देशाचा हिशेब झाला. आपला वेगळा. घाबरलेला माणूस सहल दोन दिवसांनी कापतो तेव्हा दिल्ली, आग्रा, जयपूर ठेवतो. ग्वाल्हेर-ओरछा आधी उडतं.

किल्ल्यावरचा गाईड: दादांचं बरोबर आहे. मी फ्रेंच ग्रुप करतो. हिवाळ्याचं बुकिंग बरंचसं उन्हाळ्यातच होतं, त्यामुळे एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या हल्ल्याचा फटका आम्हाला एप्रिलमध्ये जाणवत नाही, ऑक्टोबरमध्ये जाणवतो. उलट जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल युद्धात कतारने विमानांना आकाश बंद केलं, त्याचं इथे कुणाला काही वाटलं नाही. जूनच्या उन्हात तसंही किल्ल्यावर कुत्रं फिरत नाही! आणि रविवारी किल्ल्यावर गर्दी असते असं लोक म्हणतात, ती असतेच. पण आपल्याच देशातली मंडळी सासबहूचं देऊळ बघतात, फोटो काढतात, डबा खातात. गाईड कशाला हवा त्यांना?

बाड्यावरचा: म्हणजे दुखणं गर्दीचं नाही, तुमच्या धंद्याचं आहे. राग मानू नका.

किल्ल्यावरचा गाईड: धंद्याचंच आहे. मग त्यावर बोलायचं नाही का?

बाड्यावरचा: बोला ना. पण आधी उडणारं गाव आपण का झालो? आग्रा जेमतेम १२० किलोमीटर. पाहुणा दुपारी येतो, जयविलास राजवाड्यातली झुंबरं नि चांदीची आगगाडी बघतो आणि संध्याकाळी निघतो. मुक्कामाला कारणच नाही. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ च्या शिलालेखात शून्य कोरलंय. जगातला कोणताही गणिताचा मास्तर त्यासाठी वाट वाकडी करेल. त्याला सांगतो कोण? तिथे युद्ध आडवं येत नाही.

लश्करकर: शून्य बघायला विमान भरून लोक येतील, हे जरा जास्तच झालं.

जनकगंजची काकू: विमान नको, एक रात्र राहिले तरी पुरे. २०२३ मध्ये युनेस्कोने आपल्याला संगीताचं शहर म्हणून यादीत घेतलं. गाईडभाऊ, हिवाळ्याचं बुकिंग उन्हाळ्यात होतं म्हणालात, तर डिसेंबरच्या तानसेन संगीत समारोहाच्या तारखा तेव्हा सहलीच्या कंपन्यांच्या हातात असतात का?