प्रवाळ हा प्राणी आहे, हे मुलांना कसे दाखवावे?

किनारेकर:
आजीच्या अंगठीतले पोवळे हा समुद्रातल्या प्राण्यांचा सांगाडा आहे, असे सांगितल्यापासून आमच्या सात व दहा वर्षांच्या मुलांच्या प्रश्नांना खंड नाही. जानेवारीत आम्ही जामनगरला जाणार आहोत. तेथून जवळच नरारा येथे ओहोटीच्या वेळी प्रवाळांपर्यंत चालत जाता येते, असे ऐकले. मुलांना ते झेपेल का, आणि आधी काय समजावून सांगावे?

खाडीकाठ:
अवश्य न्यावे. कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये घोषित झाले असून नरारा त्याच उद्यानात येते. मात्र सारे काही ओहोटीच्या वेळेवर अवलंबून असते. आपल्या कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब तेथे चालवू नये, कारण आखातात आतवर पाणी चढायला वेळ लागतो. स्थानिक वेळापत्रक पाहावे, वनखात्याची परवानगी घ्यावी आणि वाटाड्या सोबत ठेवावा. खडक धारदार असल्याने चपला नकोत, घट्ट बूट हवेत. डबक्यांत खेकडे, समुद्रकाकडी, समुद्रफुले (नावे वनस्पतींची वाटली तरी हे दोन्ही प्राणीच) आणि नशीब असेल तर रंग पालटणारा ऑक्टोपस दिसतो. फुगा मासा फुगून दाखवावा म्हणून त्याला हाताळण्याचा आग्रह कोणी धरला, तर स्पष्ट नकार द्यावा. तो घाबरल्यावरच फुगतो.

विज्ञानशिक्षिका:
आधी घरी एक प्रयोग करावा. शिंपल्यावर व्हिनेगर ओतल्यास बुडबुडे येतात, कारण शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. प्रवाळाचा सांगाडाही त्याचाच. मग सांगावे की प्रवाळाचा ‘दगड’ असंख्य इवल्या जीवांनी मिळून बांधलेला असतो, आणि त्यांच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पुरवते. पाणी फार तापले की हे शैवाल निघून जाते व प्रवाळ पांढरे पडते. अंगठीतले लाल पोवळे मात्र भित्ती, म्हणजे समुद्रातले प्रवाळखडक, बांधणाऱ्या प्रवाळांपैकी नव्हे, हेही मुलांना सांगावे. नाहीतर ती तेथे लाल रंगच शोधत बसतील.

किनारेकर:
दोघांचे आभार. धाकटीला आठवण म्हणून एखादा मेलेला तुकडा आणायचा आहे.

खाडीकाठ:
तो आणता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना संरक्षण दिले आहे, आणि उद्यानातून काहीही उचलण्यास मनाई आहे. तिच्या हाती वही व रंग द्यावेत.