अणू गमावून बोस-आइनस्टाइन संघनन कसे साधते?

प्रश्न :
मी भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. लेसरच्या साहाय्याने रुबिडियम-८७ चे अणू १०० मायक्रोकेल्व्हिनच्याही खाली नेता येतात, हे समजले. मग बोस-आइनस्टाइन संघननासाठी, म्हणजे असंख्य अणू एकाच पुंजस्थितीत गोळा व्हावेत म्हणून, लेसर बंद करून चुंबकीय सापळ्यातले बहुतेक अणू मुद्दाम बाहेर का घालवतात? निवणाऱ्या चहाचे उदाहरण (सर्वात उष्ण रेणू वाफ होऊन जातात, उरलेला चहा निवतो) सर्वत्र वाचले, पण समाधान झाले नाही. शिवाय उरलेला ढग नुसता थंड आहे की खरोखर संघनित झाला आहे, हे कसे ओळखतात? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
केवळ तापमान उतरून भागत नाही. अणूच्या डी ब्रॉग्ली तरंगलांबीएवढी (अणूच्या तरंगरूपाची लांबी, जी थंडीत वाढते) बाजू असलेल्या घनात सुमारे २.६ अणू मावतील इतकी दाटी झाली, तरच संघनन सुरू होते. लेसरने थंड केलेला नेहमीचा ढग या अटीपासून साधारण दहा लाख पटींनी दूर असतो. प्रकाश चालू असेपर्यंत ती दाटी वाढवणे अवघड जाते, कारण एका अणूने सोडलेला फोटॉन शेजारचा अणू शोषतो आणि दोघे एकमेकांपासून ढकलले जातात.

म्हणून अंधारात, रेडिओ लहरींनी, सर्वाधिक ऊर्जेच्या अणूंची फिरक (स्पिन) उलटवून त्यांना सापळ्याबाहेर काढतात. उरलेले अणू आपसांत आदळून कमी तापमानाला स्थिरावतात. चहाचे उदाहरण इथेच तोकडे पडते : चहा निवत गेला की बाष्पीभवन मंदावते, तर सापळ्यातले अणू थंड होताना तळाशी गोळा होत असल्यामुळे, संख्या घटत असूनही टकरींचे प्रमाण वाढू शकते.

अमेरिकेतील बोल्डर येथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन या भौतिकशास्त्रज्ञांनी ५ जून १९९५ रोजी हे साधले, तेव्हा संघननाला सुमारे १७० नॅनोकेल्व्हिनला सुरुवात झाली आणि संघनितात जेमतेम २,००० अणू होते. सापळ्याच्या मध्यभागी चुंबकीय क्षेत्र शून्य असल्याने तिथून अणू निसटत. त्यांनी ते शून्यस्थान फिरते ठेवले, तर अमेरिकेतल्याच एमआयटी या संस्थेत वोल्फगांग केटर्ले यांनी त्याच वर्षी सोडियमसाठी ते लेसरच्या झोताने बुजवले. मला दुसरी युक्ती अधिक देखणी वाटते.

प्रतिसाद २ :
ओळखण्याविषयी सांगतो. सापळा अचानक बंद करून ढग काही मिलिसेकंद पसरू देतात आणि अनुनादी प्रकाशात (अणू शोषतील अशा वारंवारतेच्या) त्याची सावली टिपतात. साधा उष्ण ढग सर्व दिशांना सारखाच पसरतो, म्हणून अखेरीस गोल दिसतो. संघनिताचे तसे नाही. सापळ्यात ज्या दिशेने ते अधिक आवळलेले असते, त्याच दिशेने ते अधिक वेगाने पसरते. त्यामागे अनिश्चिततेचे तत्त्व (जागा जितकी आवळलेली, तितका वेगाचा पसारा मोठा) तर आहेच, पण अणूंची संख्या मोठी असेल तर त्यांचे परस्पर प्रतिकर्षण अधिक प्रभावी ठरते. त्यामुळे विरळ गोल ढगाच्या मधोमध लंबगोल, टोकदार शिखर उगवते आणि तापमान उतरवत नेल्यास तेच वाढत जाते. केवळ शिखरावर विसंबू नये. लंबगोलाची लांब बाजू वेळेनुसार बदलते का, तेही पाहावे.

प्रतिसाद ३ :
पहिल्या प्रतिसादाला एक पुरवणी. निव्वळ लेसरने संघनन होतच नाही, असा समज कोणी करून घेऊ नये. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे २०१३ साली स्ट्रॉन्शियम-८४ चे संघनित बाष्पीभवनाशिवाय मिळवले गेले. ढगाच्या मध्यभागातील अणूंच्या ऊर्जापातळ्या दुसऱ्या लेसरने सरकवून तो भाग शीतन-प्रकाशाला पारदर्शक केला, त्यामुळे पुनःशोषणाची अडचण तिथे उरली नाही. मात्र यामागे स्ट्रॉन्शियमच्या अतिशय अरुंद वर्णरेषेचा (अणू शोषतो त्या ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशाचा) मोठा वाटा आहे. रुबिडियमच्या ७८० नॅनोमीटरच्या नेहमीच्या रेषेवर ही सोय मिळत नाही, आणि म्हणून तिथे अणू गमावण्याचीच पद्धत रूढ आहे.